सणाच्या दिवशी नाव कुठे असते

२४ डिसेंबर १९६८. न्यूझीलंड मागे पडलेलं, केप हॉर्न अजून तीन आठवडे पुढे, आणि चहूबाजूंनी दक्षिण पॅसिफिकचं थंडगार पाणी. २९ वर्षांच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने व्हिस्की ओतून घेतली, केबिनच्या छतावर बैठक मारली आणि नाताळची गाणी म्हणायला सुरुवात केली. एक झालं की दुसरं. शेकडो मैलांत ऐकायला कुणी नव्हतं, त्यामुळे सूर लागो न लागो, गळा मोकळा सोडून तो बराच वेळ गात राहिला. पायाखालची ३२ फुटी होडी मात्र आपल्या ओळखीची होती. ती मुंबईत, कुलाब्याला बांधलेली होती.

तिचं नाव ‘सुहैली’. ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचा हा तरुण अधिकारी मुंबई आणि इराणी आखात यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या जहाजांवर नोकरीला होता. घरी परतायचं तर स्वतःच्या होडीतून, असं त्याने मनात घेतलं. आराखडा जुना होता, नॉर्वेच्या वादळी किनाऱ्यावर कोळ्यांना वाचवायला जाणाऱ्या नौकांच्या घाटाचा. लाकूड सागवानी होतं आणि कारागीर इथलेच. हातातल्या वाकसाने फळ्या तासत आणि दोरीच्या धनुकलीने फिरवायच्या सामत्याने भोकं पाडत त्यांनी ती उभी केली. डिसेंबर १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. पुढच्या वर्षी भाऊ आणि एक मित्र यांना बरोबर घेऊन नॉक्स-जॉन्स्टन मुंबईहून निघाला आणि दक्षिण आफ्रिकेला वळसा घालत १९६७ मध्ये इंग्लंडला पोचला. एका वर्षात त्याच होडीतून तो पुन्हा निघाला, या वेळी एकटा. कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायची होती. ‘संडे टाइम्स’ने गोल्डन ग्लोब नावाची शर्यत जाहीर केली होती. नियम कडक होते : कुठल्याही बंदराला लागायचं नाही, कुणाकडून कसलीही मदत घ्यायची नाही.

मदत म्हणजे काय काय, हे त्याला न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्याजवळ कळलं. एक पत्रकार त्याला शोधत आला होता. घरची पत्रं घेता येणार नाहीत, असं त्याने सांगितलं. पत्रसुद्धा मदतीतच धरलं गेलं होतं. नॉक्स-जॉन्स्टन संतापला आणि ते स्वाभाविकच होतं. पण संयोजकांना नकळत एक खरी गोष्ट सापडली होती असं वाटतं. एकट्या माणसाला समुद्रावर तगवून ठेवण्यात घरच्या चार ओळींचा वाटा डब्यातल्या अन्नाइतकाच असतो. त्याचा रेडिओ ट्रान्समीटर तर आधीच बंद पडला होता. ऐकू येत होतं, बोलता येत नव्हतं. नोव्हेंबरच्या अखेरीस ओटागो सोडल्यापासून पुढच्या एप्रिलमध्ये अझोर्स बेटांजवळ एका तेलवाहू जहाजाला तो दिसला, तोवर हा माणूस जिवंत आहे की नाही हे घरी कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाताळच्या दिवशी त्याने रोजचा शिरस्ता मोडला. एरवी सगळं एकाच भांड्यात ढवळून गिळायचं, पण त्या दिवशी मांस, बटाटे आणि वाटाणे वेगवेगळे शिजवले, शेवटी मनुकांचं पुडिंगही केलं. दुपारी तीन वाजता त्याने राणीच्या नावाने पेला उंचावला. ही तीनची वेळ त्याने का धरली असावी, हे समजून घ्यायला हवं. ब्रिटनमध्ये राणीचं नाताळचं भाषण दुपारी तीनला व्हायचं आणि जेवण आटोपून सगळं घर रेडिओ-टीव्हीसमोर बसायचं. त्याच्या होडीवर ती वेळ पहाटे सहाची येत होती आणि तेव्हा त्याला जाग आली नव्हती, याची त्याला हळहळ वाटली. म्हणून त्याने आपल्या घड्याळातल्या तीनवर भागवलं. रेडिओवर अमेरिकी केंद्रं लागत होती. फ्रँक बोरमन, जिम लॉव्हेल आणि विल्यम अँडर्स हे तिघं अपोलो ८ मधून चंद्राभोवती फिरत असल्याची बातमी त्याने ऐकली. ते तिघं मानवजातीच्या ज्ञानात भर घालत होते, आणि आपण इथे केवळ आपल्याला हवं म्हणून आलो, हा विचार त्याला त्या दिवसांत छळत राहिला. पण त्या तिघांचा आवाज जवळपास अडीच लाख मैलांवरून घरोघर ऐकू जात होता, आणि पृथ्वीवरच असलेल्या याचा आवाज कुठेच पोचत नव्हता.

सणाला घरापासून लांब असणं ही खलाशाच्या धंद्यातली जुनीच गोष्ट. जगाच्या नकाशावर तर या चुकलेल्या सणांची नावंच पडली आहेत. वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या नाताळात आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावरून चालली होती, म्हणून त्या किनाऱ्याचं नाव नाताळ पडलं. पाचेक महिन्यांनी तीच जहाजं कालिकतला लागली. १६४३ च्या २५ डिसेंबरला ईस्ट इंडिया कंपनीच्या विल्यम मायनर्सला जावाच्या दक्षिणेला एक बेट दिसलं, ते झालं ख्रिसमस आयलंड. रोगेव्हेन हा डच दर्यावर्दी १७२२ च्या ईस्टरला ज्या बेटापाशी पोचला त्याला ईस्टरचं नाव मिळालं. कॅप्टन कुकला १७७७ च्या २४ डिसेंबरला पॅसिफिकमध्ये एक सपाट, ओसाड प्रवाळबेट सापडलं आणि त्यालाही नाताळचंच नाव मिळालं. तिथे माणसांनी पकडलेली शेकडो कासवं हाच जहाजावरचा मोठा मेवा.

कुकच्या जहाजावर सण एकट्याने करायचा प्रश्नच नव्हता. तिथे दाटीवाटीने राहणारी माणसं होती आणि रमची पिंपं होती. ‘एन्डेव्हर’वर १७६८ चा नाताळ दक्षिण अटलांटिकमध्ये झाला. रात्री जहाजावर शुद्धीत असलेला माणूस शोधावा लागला असता, वारा मंद होता म्हणून निभावलं, अशी नोंद जहाजावरचा निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स याने रोजनिशीत केली आहे. पुढच्या वर्षी ते न्यूझीलंडच्या उत्तर टोकाजवळ होते. वारा पडलेला पाहून बँक्सने छोट्या होडीतून जाऊन काही समुद्रपक्षी मारून आणले. इंग्लंडात तेव्हा नाताळला कणकेच्या पारीत हंस भरून ‘पाय’ हा पदार्थ करत. इथे हंस कुठला? मग त्याच पक्ष्यांचा ‘पाय’ झाला आणि तोही चाटूनपुसून संपला. घरचा पदार्थ आणि परक्या मुलखातला जिन्नस यांची ही सांगड खलाशांनी पुढेही सोडली नाही.

एकट्याच्या सणाची गोष्ट जोशुआ स्लोकमपासून सुरू होते. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा हा पहिला माणूस १८९५ च्या एप्रिलमध्ये ‘स्प्रे’ या आपल्या होडीतून बॉस्टनहून निघाला. वेळेसाठी त्याच्याकडे महागडा क्रोनोमीटर नव्हता, स्वस्तात घेतलेलं पत्र्याचं घड्याळ होतं. १८९७ च्या १४ डिसेंबरला त्याने डर्बन सोडलं. म्हणजे वास्को द गामाने चारशे वर्षांपूर्वी नाताळचं नाव दिलेला किनारा सोडून, उलट्या दिशेने, तो केप ऑफ गुड होपकडे निघाला. नाताळच्या सकाळी तो केपपाशी होता. समुद्र खवळलेला. नाळेपुढे निघालेल्या दांड्याच्या टोकाशी जाऊन तो पुढचं शीड आवळत असताना ‘स्प्रे’ने त्याला तीनदा पाण्यात बुचकळून काढलं. ही होडीने दिलेली नाताळची भेट, असं तो लिहितो. त्या लाटांमधून एक मोठी इंग्लिश आगबोट जवळून गेली आणि तिने झेंड्यांच्या खुणांनी त्याला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. आगबोटीचा पंखासुद्धा लाटांवरून उघडा पडत होता. तरी तिच्या कप्तानाने कुणाला तरी निशाणं काढायला आणि क्रमाने दोरीवर चढवायला लावली असणार. अनोळखी माणसाने एकट्या माणसासाठी केलेलं एवढं काम त्या दिवशी पुरेसं ठरलं.

आता पुन्हा १९६८. शर्यतीत नऊ जण उतरले होते, नाताळपर्यंत चौघं उरले. २५ डिसेंबर चौघांसाठी एकाच वेळी उगवला नाही. फ्रेंच दर्यावर्दी बर्नार मोइतेसिए न्यूझीलंडच्या दक्षिणेला होता. तिथला दिवस नॉक्स-जॉन्स्टनच्या दिवसाच्या जवळजवळ वीस तास आधी सुरू होत होता. आंतरराष्ट्रीय वाररेषा दोघांच्या मधे होती. हा एक सण किती घड्याळांवर पसरला होता, ते नकाशा समोर ठेवल्याशिवाय लक्षात येत नाही.

मोइतेसिएने ट्रान्समीटर घ्यायलाच नकार दिला होता. निरोप पाठवायला त्याच्याकडे गलोल होती. चिठ्ठ्या आणि फिल्मचे रोल डबीत घालून तो ते जाणाऱ्या जहाजाच्या डेकवर भिरकवायचा. नाताळच्या आठवडाभर आधी टास्मानियाजवळ त्याने एका कोळ्याकडे असा ऐवज सोपवला आणि पुढे निघाला. न्यूझीलंडच्या दक्षिणेला स्ट्युअर्ट बेटाजवळ डॉल्फिनांचा मोठा कळप होडीशेजारून पुन्हा पुन्हा उजवीकडे वळत राहिला. शेवटी त्याने होकायंत्र पाहिलं, तर वारा बदलला होता आणि होडी खडकांच्या रोखाने चालली होती. हे त्याने स्वतः सांगितलेलं आहे आणि ते जसंच्या तसं मानावंसं वाटतं. त्याच्या होडीचं नाव ‘जोशुआ’ होतं, स्लोकमच्या नावावरून.

नायजेल टेटलीचं प्रकरण वेगळं. ‘व्हिक्ट्रेस’ ही त्याची तीन धडांची ट्रायमरान, आणि तेच त्याचं आणि त्याची पत्नी ईव्ह हिचं घर. प्लिमथला दोघं त्याच होडीत राहत. तो शर्यतीला निघाला तेव्हा घर घेऊनच निघाला, फक्त घरातलं माणूस किनाऱ्यावर राहिलं. एका रेकॉर्ड कंपनीने त्याला पाठबळ दिलं होतं, त्यामुळे होडीवर संगीताचा मोठा साठा होता. नाताळला तो हिंदी महासागराच्या दक्षिण भागात होता. त्याने फेझंट पक्ष्याचं जेवण मांडलं, टेबल सजवलं आणि कॅमेरा लावून स्वतःचा फोटो काढून घेतला. आजही तो फोटो पाहायला मिळतो. कॅमेऱ्यामागे कुणी नव्हतं हे माहीत असल्यावर त्या माणसाचं नीटनेटकं बसणं जिवाला लागतं. तो फोटो उद्या ईव्हला दाखवायचा, हाच त्यामागचा विचार असणार.

चौथा होता डोनाल्ड क्रोहर्स्ट. त्याची ट्रायमरान गळत होती. पुढे दक्षिण महासागरात गेलं तर मरण, आणि मागे फिरलं तर दिवाळखोरी, अशा कात्रीत तो सापडला होता. डिसेंबरच्या सुरुवातीपासून त्याने एक खोटी नोंदवही लिहायला घेतली होती. त्यात तो वेगाने पुढे जात होता, प्रत्यक्षात अटलांटिकमध्येच घोटाळत होता. नाताळच्या आदल्या दिवशी रेडिओ-टेलिफोनवरून पत्नी क्लेअरशी त्याचं बोलणं झालं. घरी चार मुलं होती. तू कुठे आहेस, असं तिने विचारलं. केप टाउनच्या आसपास, असं त्याने सांगितलं. तो तेव्हा ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ होता.

शर्यतीच्या कार्यालयाला तारेने पाठवलेला खोटा आकडा ही एक गोष्ट असते. सणाच्या संध्याकाळी बायकोने विचारलेल्या साध्या प्रश्नाला दिलेलं खोटं उत्तर ही फार वेगळी गोष्ट असते. सणाला लांबून आलेल्या फोनवर माणसं आधी हेच विचारतात, कुठे आहेस, जेवलास का. या प्रश्नांना खरं उत्तर देता येत नसेल, तर तो माणूस नॉक्स-जॉन्स्टनपेक्षाही एकटा असतो. नॉक्स-जॉन्स्टनला बोलता येत नव्हतं. क्रोहर्स्टला बोलता येत होतं, पण सांगता येत नव्हतं. पुढे काय झालं ते सर्वज्ञात आहे. त्याच्या खोट्या वेगाशी टक्कर देताना टेटलीने आपली खिळखिळी झालेली नाव ताणली आणि मे १९६९ मध्ये अझोर्सजवळ ‘व्हिक्ट्रेस’, त्या दोघांचं ते घर, बुडालं. टेटली वाचला. क्रोहर्स्टची होडी जुलैमध्ये रिकामी सापडली. मोइतेसिए केप हॉर्नला वळसा घालून युरोपकडे न वळता ताहितीकडे निघून गेला. शर्यत पुरी केली ती एकट्या ‘सुहैली’ने, २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी. नॉक्स-जॉन्स्टनने बक्षिसाचे ५,००० पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबासाठी उभारलेल्या निधीला देऊन टाकले.

आपल्या किनाऱ्यावर सण आणि समुद्र यांचा हिशेब पूर्वीपासून वेगळा मांडला गेला. कोकणातल्या कोळ्यांच्या होड्या पावसाळ्यात किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की समुद्र पुन्हा खुला होतो. शिमग्याला होड्या वेळेत माघारी येतात. म्हणजे धंद्याचं वर्षच असं बसवलेलं की मोठ्या सणाला घरचा माणूस घरी असावा. लांबच्या सफरीला ही सवलत नाही. दक्षिण महासागर त्यातल्या त्यात माणसाळलेला असतो तो तिथल्या उन्हाळ्यात, डिसेंबर ते फेब्रुवारी. केप हॉर्न त्याच अवधीत ओलांडायचं तर गोवा किंवा मुंबई ऑगस्ट ते नोव्हेंबरच्या दरम्यान सोडावी लागते. गणपती, नवरात्र, दिवाळी, पाठोपाठ नाताळ. आपलं सगळं सणासुदीचं पर्व नेमकं याच काळात येतं.

भारतीय नौदलाचे दिलीप दोंदे यांच्याबाबतीत अगदी असंच घडलं. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची ‘म्हादेई’ गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तयारीच्या काळात त्यांनी इंग्लंडला जाऊन नॉक्स-जॉन्स्टनच्या हाताखाली काम करून धडे घेतले, म्हणजे कुलाब्याहून गेलेली विद्या एका अर्थी घरी परत आली. १९ ऑगस्ट २००९ ला त्यांनी मुंबई सोडली. चारच दिवसांनी, २३ तारखेला, गणेश चतुर्थी होती. मागे अख्खं शहर गणपती आणायला रस्त्यावर, आणि हा मराठी माणूस ऐन पावसाळ्याच्या समुद्रात शिडाच्या दोऱ्या सांभाळतोय. तीन वर्षांनी नौदलाचेच अभिलाष टॉमी त्याच ‘म्हादेई’तून कुठेही न थांबता फेरी मारायला निघाले, १ नोव्हेंबर २०१२ ला. बारा दिवसांनी दिवाळी आली. केप हॉर्नला मात्र ते २६ जानेवारीला पोचले आणि जगाच्या त्या टोकाला त्यांनी तिरंगा फडकवला. घरापासून एवढ्या लांब, पण प्रजासत्ताक दिन मात्र अचूक साधला.

२०१७ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या नावेवर लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी होत्या. १० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीनंतर पाचच दिवसांनी, त्यांनी गोवा सोडलं. लक्ष्मीपूजन १९ ऑक्टोबरला होतं आणि फ्रीमँटल बंदर लागलं २२ ला. म्हणजे दिवाळी भर समुद्रात. शिडाच्या नावेवर दिवाळी म्हणजे काय याचा विचार करावा. घरच्या दिवाळीचा जीव पणतीत, पण हलत्या नावेवर उघडी ज्योत ही दर्यावर्दींना सगळ्यांत धास्ती वाटावी अशी चीज. फराळाला बसायचं तरी सहाही जणी एकदम बसू शकत नाहीत, कारण सुकाणूवर कुणाची तरी पाळी असतेच. त्या दिवाळीला पंतप्रधानांनी व्हिडिओ कॉल करून त्यांना शुभेच्छा दिल्या. उपग्रहामार्फत माणसाचा चेहरा भर समुद्रात पोचला. स्लोकमच्या आगबोटीने दोरीवर निशाणं चढवली त्याला १२० वर्षं झाली होती. नाताळला ‘तारिणी’ दक्षिण पॅसिफिकमध्ये होती, न्यूझीलंड आणि हॉर्न यांच्या मधल्या त्याच पाण्यात जिथे नॉक्स-जॉन्स्टन गाणी म्हणत बसला होता. २०२४ मध्ये दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच त्याच ‘तारिणी’तून निघाल्या, घटस्थापनेच्या आदल्या दिवशी. दसरा आणि दिवाळी दोन्ही समुद्रावर, मधे एकही बंदर नाही.

आता संपर्क इतका सोपा झाल्यावर जुनी शर्यत पुन्हा सुरू करणाऱ्यांनी तो मुद्दाम तोडला. २०१८ पासूनच्या नव्या गोल्डन ग्लोबमध्ये १९६८ च्या काळातलीच साधनं चालतात. उपग्रह फोन सुरक्षेपुरता, संयोजकांशी आठवड्यातून एकदा बोलायला. घरच्यांशी बोलायला नाही. अभिलाष टॉमी २०१८ च्या शर्यतीत उतरले ते ‘थुरिया’तून. ‘सुहैली’ची ही हुबेहूब प्रतिकृती गोव्यातच बांधलेली होती. वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठीला जबर दुखापत झाली आणि तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. तरी ते २०२२ मध्ये दुसऱ्या होडीतून पुन्हा निघाले, ४ सप्टेंबरला. या मल्याळी दर्यावर्दीच्या वाट्याला चार दिवसांनी ओणम आला. ऑक्टोबरात दिवाळी झाली, मग नाताळ, फेब्रुवारीत हॉर्न ओलांडलं, ९ एप्रिलला ईस्टरही पाण्यावरच गेला. २९ एप्रिल २०२३ ला फ्रान्समधल्या ले साब्ल-दोलोन बंदरात ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले, तेव्हा घरच्या माणसांपासून दूर त्यांना २३६ दिवस झाले होते.